मिस प्रॉस्परबाईंची टायपिस्ट

१४ नोव्हेंबर २००६

नोकरी लागली. आणि पहिल्याच दिवशी माझी लाज निघाली!

सोहो रोडवरच्या पेपरवाल्याच्या काचेत कार्ड लावलेलं होतं — आत्मचरित्रासाठी टायपिस्ट हवी, बडबडी नको. मी बडबडी नाहीच. (हे धम्मदीपला वाचून दाखवलं तर तो खुर्चीतून पडेल.) दार उघडलं ते एका ब्याऐंशी वर्षांच्या बाईंनी. मिस यूडोरा प्रॉस्पर. कॅरिबियनमधल्या कुठल्याशा बेटाच्या. सकाळचे दहा, घरात एकट्याच, तरी गळ्यात मोत्यांची माळ, पायात बूट, आणि पाठ अशी ताठ की त्यांच्याकडे बघून मीच सरळ बसले. त्यांनी एक परिच्छेद सांगितला, मी टाइप केला, त्यांनी भिंग धरून वाचला. चार चुका. मग विचारलं, शिक्षण काय? म्हटलं, एलएलबी, नागपूर. चार वर्षं डिस्ट्रिक्ट कोर्टात प्रॅक्टिस केली, मग लग्नानंतर नवऱ्याबरोबर बर्मिंगहॅमला आले. त्या म्हणाल्या, वकील होय! मग चार चुका चालतील, वकिलांचं टायपिंग नेहमी दुसरंच कुणीतरी करतं.

त्या त्यांच्या बेटावरच्या पहिल्या बाई-बॅरिस्टर. मग निवडून आल्या, मग मंत्री, मग अ‍ॅटर्नी जनरल. हे मला त्यांनी नाही, भिंतीवरच्या फोटोंनी सांगितलं. मी रोजनिशी लिहिते हे मी बोलून गेले, (बडबडी नाही ना!) तर ताबडतोब ताकीद — माझ्या बेटाचं नाव कुठल्याही वहीत लिहायचं नाही, वह्या शेवटी कोर्टात येतात. बापरे. म्हणून इथे नुसतं 'बेट'. धम्मदीप म्हणतो, नकाशावर ते शोधायलाही भिंगच लागेल.

१७ नोव्हेंबर

घरी सुतकी वातावरण. व्हिसाचे नियम बदलले.

आम्ही 'हायली स्किल्ड' म्हणून आलो — म्हणजे धम्मदीप हायली स्किल्ड, मी त्याच्याबरोबर. येताना एका कागदावर सही करून घेतली होती, की यापुढे ब्रिटन हेच आमचं मुख्य घर असेल. सही केली, नागपूरचा इंदोऱ्यातला फ्लॅट विकला, सासूबाईंची शिलाई मशीनसुद्धा नणंदेकडे पोचवली. आता म्हणतात, व्हिसा वाढवायचा तर नव्याने गुण मोजू. आणि वयाचे गुण म्हणे बत्तिसावं पूर्ण झालं की शून्य! धम्मदीप चौतीसचा. पहिले सहा महिने त्याला इथे काम नव्हतं, त्यामुळे पगाराचे गुणही यथातथाच. व्हिसा जानेवारीअखेर संपतो.

तो रात्री जेवताना म्हणाला, मी दोन वर्षांपूर्वी जास्त हुशार होतो बहुतेक. मी हसले.

२९ नोव्हेंबर

आज डिक्टेशन १९४७ चं. बाई केळ्यांच्या बोटीवरून इंग्लंडला आल्या. बोटीत प्रवासी नऊ, बाकी सगळी केळी. "केळ्यांना माझ्यापेक्षा जास्त हवा मिळत होती" — हे वाक्य तीनदा बदललं आणि शेवटी पहिलंच ठेवलं.

बॅरिस्टर व्हायला परीक्षा पास होणं पुरत नाही म्हणे. इनच्या — म्हणजे बॅरिस्टरांच्या संस्थेच्या — हॉलमध्ये ठरलेली जेवणं जेवावी लागतात! चारचार जणांचा गट, गटाबाहेर बोलायचं नाही, मध्येच उठायचं नाही. बाईंच्या गटातले तिघं त्यांच्याशी बोलायचे नाहीत आणि मीठही पुढे सरकवायचे नाहीत. तीन वर्षं त्यांनी तिथे अळणी सूप प्यायलं. मग मीठ मागितलं का नाही? तर म्हणाल्या, मागितलं असतं तर मिळालं असतं, आणि मग त्यांना वाटलं असतं आपण चांगले आहोत.

मी घाईघाईने विचारलं, इन कुठली? बाबासाहेब ग्रेज इनचे. बाईंची वेगळी निघाली. माझा चेहरा इतका पडला की त्यांनी सॉरी म्हटलं.

६ डिसेंबर

विहारात जाऊन आलो. वंदना झाली. धम्मदीप डोळे मिटून फार वेळ बसला होता.

१२ डिसेंबर

बाईंना आज चेव आला होता. दीड तास न थांबता डिक्टेशन. माझी बोटं अजून वळत नाहीयेत.

१९५०. बाई बॅरिस्टर होऊन बेटावर परत गेल्या. कोर्टात गाऊन घालायची खोली एकच, तीही पुरुषांची. मुख्य वकील म्हणाले, बाईंची सोय नाही, क्षमस्व. मग बाईंनी कुठे घालावा गाऊन? तर शेजारच्या तुरुंगाच्या स्वयंपाकघरात! जेलरची बायको पदर — म्हणजे अ‍ॅप्रन — आडवा धरायची. दोन वर्षं अशी. त्यामुळे कैद्यांना रोज कळायचं की आज बाईंची केस आहे, आणि ते आतून विचारायचे, माझी कधी घेता? बाईंचे पहिले अकरा अशील त्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मिळाले. नंतर त्यांच्यासाठी वेगळी खोली बांधली तर त्या हळहळल्या. धंदा बसला म्हणाल्या.

मी खूप हसले. मग नागपूरचं कोर्ट आठवलं. बाररूमच्या पाठीमागचं बायकांचं टॉयलेट, त्याची तुटकी कडी, आणि ती लागत नाही म्हणून बाहेर उभं राहणारी माझी मैत्रीण सुचेता. तेही त्यांना सांगितलं. त्यांनी भिंग खाली ठेवून पूर्ण ऐकलं.

९ जानेवारी २००७

धम्मदीपने अर्ज पाठवला. रजिस्टर्ड पोस्टाने, पावती फ्रिजवर लावली आहे. येताजाता बघतो.

बाईंना बेटावरून जाडजूड निमंत्रण आलंय. सोनेरी कडांचं. मार्चमध्ये नव्या कोर्टाचं उद्घाटन, बाईंच्या हस्ते, येण्याजाण्याची सगळी सोय सरकार करणार. मी तर नाचायचीच बाकी! त्यांनी ते कार्ड चहाच्या कपाखाली ठेवलं. विमानातलं जेवण वाईट असतं म्हणाल्या. म्हटलं डबा देते. तर म्हणाल्या, गुडघा. म्हटलं व्हीलचेअर मिळते. तर म्हणाल्या, प्रकरण सहा, परिच्छेद दुसरा, लिही.

हट्टी! आपल्याच गावचा सत्कार कोण नाकारतं?

२० फेब्रुवारी

नाकारलं.

पंच्याहत्तर गुण हवे होते. पंचावन्न मिळाले. अपील करायचं तर कामाच्या दहा दिवसांत.

२१ फेब्रुवारी

आज माझ्या चुका नऊ. बाईंनी भिंग बाजूला ठेवलं आणि विचारलं, कोण गेलं?

सगळं सांगितलं. रडायचं नाही असं बसमध्ये ठरवलं होतं, तरी रडले. त्यांनी रुमाल दिला नाही, पाणी दिलं नाही. माझं होईपर्यंत बघत बसल्या. मग विचारलं, वकील कोण? म्हटलं, शोधतेय, सॉलिसिटर लोक भेटायलाच तीन आठवडे म्हणतात.

"या खोलीत दोन वकील आहेत," त्या म्हणाल्या. "एक निवृत्त आहे. दुसरी रडते आहे."

म्हटलं, मी इथे वकील नाही, माझी सनद इथे चालत नाही. त्यावर त्यांचं म्हणणं — नवऱ्याबरोबर तुझाही व्हिसा नाकारलाय, म्हणजे तू स्वतः अपीलकर्ती, आणि स्वतःची बाजू मांडायला सनद लागत नाही. बरोबर आहे. मला हे सुचलंच नव्हतं! चार वर्षं लोकांसाठी भांडले, स्वतःसाठी भांडायची वेळ आली तर सॉलिसिटर शोधत फिरतेय.

पण एवढ्या मोठ्या बॅरिस्टर, त्या स्वतः का नाही चार शब्द बोलत माझ्यासाठी? विचारलंही. निवृत्त आहे, एवढंच उत्तर.

५ मार्च

अपील दाखल झालं. निकाल लागेपर्यंत राहता येतं. मग युक्तिवाद. लिहिला! एकतीस पानं. नागपूरला असताना सर म्हणायचे, पानं बघून जज घाबरला पाहिजे. सतरा मुद्दे, पोटमुद्दे वेगळे. आणि खास लीगल साइझ कागदावर — बाबांनी येताना दिलेले, हिरव्या समासाचे, सूटकेसच्या तळाशी जपून आणलेले. बाबा तीस वर्षं कोर्टात कारकून होते. त्यांच्या मते या कागदावर लिहिलेलं खोटं असूच शकत नाही.

बाईंना कागद फार आवडला. हात फिरवत राहिल्या. त्यांच्या बेटावरही असाच लांब असायचा म्हणे. मजकूर मात्र आवडला नाही. पहिल्या पानावर मी जजला चार वेळा नमस्कार घातलाय असं त्यांनी मोजून सांगितलं. मग विचारलं, सतरांतला खरा मुद्दा कुठला? म्हटलं, सगळेच. तर म्हणाल्या, सतरा मुद्दे म्हणजे सोळा जागी जज झोपणार. उद्या सोळा घेऊन ये.

१९ मार्च

रोज एक मुद्दा कापतात. रोज! माझ्याच हातून. आज पगाराचा कापला. काल घटनेचा कापला — तो तर इतका सुंदर होता की मी वेगळ्या फाइलमध्ये ठेवून घेतलाय. राहिले पाच.

मी घरी येऊन धम्मदीपला म्हटलं, ही म्हातारी मला हरवणार. तो म्हणाला, तुला कापणारं कुणीतरी भेटलं याचाच मला आनंद आहे. उशी फेकून मारली.

२ एप्रिल

साउथहॅम्प्टनची माझी मैत्रीण वैजयंती परत गेली. तिच्या नवऱ्यालाही नाकारलं होतं. त्यांनी अपील केलंच नाही. फोनवर म्हणाली, कशाला ग कटकट, पुण्यात दोघांनाही जॉब आहे. कुकर मला पाठवलाय, पार्सलने.

कुकर बघून धम्मदीप सुरू झाला. आपणही जाऊ. भीक मागतोय का आपण? नागपुरात आपल्याला कुणी गुण देत नाही आणि कापतही नाही. मी भांडले. फार भांडले. शेजारच्यांनी भिंत वाजवेपर्यंत. तो म्हणाला, तुला इथे एवढं काय आवडतं? ना घर, ना माणसं, ना धड ऊन!

मला इथे फार काही आवडतं असं नाहीच. मला नागपूरला जायचं नाही असंही नाही. मला हाकललं म्हणून जायचं नाही. एवढंच. हे मला भांडताना सुचलं नाही, आता लिहिताना सुचतंय. उद्या सांगते त्याला. कुकर मात्र चांगला आहे, पाच लिटरचा.

३ एप्रिल

सांगितलं. तो म्हणाला, हे काल का नाही बोललीस. मग त्यानेच चहा केला.

१४ एप्रिल

सकाळी विहारात जयंती, दुपारी खीर घेऊन बाईंकडे. आज सुट्टी होती पण खीर फक्त निमित्त, मला ऐकायचं होतं. निवडणुकीचं प्रकरण राहिलं होतं.

१९५१. बेटावर पहिल्यांदाच सगळ्यांना मत. निम्म्या लोकांना वाचता येत नाही, म्हणून उमेदवाराला चिन्ह. म्हटलं, अय्या, आमच्यासारखंच! बाईंनी दिवा मागितला होता. दिवा दिला साखरमळ्याच्या मालकाला. बाईंना झाडू. मुद्दाम. त्यांची आई मळेवाल्याच्या घरी झाडलोट करायची हे सगळ्या बेटाला माहीत होतं.

मग काय केलं? त्या म्हणाल्या, काही नाही. पहिल्या सभेला गेले तर रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बायका उभ्या, प्रत्येकीच्या हातात घरातला झाडू, आणि माझ्यापुढचा रस्ता झाडत चालल्या. सभेपर्यंत सगळी धूळ माझ्या तोंडात. भाषणच करता येईना. त्या वेळी एकेचाळीस मतांनी पडले, पुढच्या वेळी आले.

त्या हसत होत्या. मला हसता येईना. मी त्यांना सांगितलं — पेशवाईत आमच्या लोकांच्या कमरेला झाडू बांधायला लावायचे. चालताना आपली पावलं आपणच पुसत जायची, म्हणजे त्यांचा रस्ता बाटायचा नाही. मी हे याआधी कुणाला इंग्लिशमध्ये सांगितलंच नव्हतं. इंग्लिशमध्ये ते फारच लहान वाक्य होतं.

बाईंनी वाटी खाली ठेवली. खीर थंड झाली. मग म्हणाल्या, हे माझ्या पुस्तकात घाल. तुझ्या शब्दांत. तळटीप म्हणून नाही.

घातलं. प्रकरण सात, शेवटचं पान. चूक एकही नाही.

३ मे

राहिला एकच मुद्दा! दोन मुद्दे उरले होते तेव्हा मी कोणता ठेवायचा हे तीन दिवस सांगू शकले नाही. आज सकाळी बसमध्ये लक्षात आलं आणि ७४ नंबरमध्ये मी जोरात 'हां!' म्हणाले. शेजारचे सरदारजी दचकले.

मुद्दा असा — नियम बदलायचा हक्क आहे. जरूर बदला. पण आधी आमच्याकडून 'हेच मुख्य घर' असं लिहून घेतलं, आम्ही तिकडचं घर मोडलं, आणि मग बदललेला नियम आम्हालाच लावला. पुढे येणाऱ्यांना लावा. आलेल्यांना नाही.

एक पान. बाईंनी भिंगाने वाचलं. एक स्वल्पविराम काढला. "आता हे तू आहेस," म्हणाल्या.

१० मे

सुनावणी सतराला. मी धरून चालले होते की बाई येणार. काहून नाही येणार? सतरांतले सोळा मुद्दे कापणारी बाई! टॅक्सीसुद्धा ठरवून टाकली होती. तर म्हणाल्या, नाही. का? गाऊन घातल्याशिवाय मी कोर्टात पाऊल ठेवलेलं नाही, आता या वयात बाकावर बसायची नाही. म्हटलं, फक्त मागे बसा, मला बघायला. नाही. म्हटलं, दारापर्यंत या, सिक्युरिटीपर्यंत. तेव्हा तर चिडल्याच. पहिल्यांदा आवाज चढवला माझ्यावर.

मला वाईट वाटलं. फार. मोठी माणसं शेवटी स्वतःची ऐट सोडत नाहीत. घरी येऊन धम्मदीपला सांगितलं तर म्हणतो, जिने मीठ मागितलं नाही ती बाई बाकावर कशी बसेल?

तरी मला वाईट वाटलंच.

१७ मे

झालं!

सगळं लिहून ठेवते, नंतर विसरेन. ट्रिब्युनल म्हणजे कोर्टासारखं कोर्टच नाही. ऑफिस. गालिचा, पाण्याचा जग, टिश्यूचा डबा. जज टाय लावलेले, साठीचे, आजोबांसारखे. सरकारतर्फे एक मुलगी, सर्दी झालेली बिचारी, तिने आम्हाला गुड मॉर्निंगही म्हटलं. नागपूरला विरुद्ध पार्टीचा वकील गुड मॉर्निंग म्हणाला की आपण केसचे कागद तपासतो, काही चोरलं का म्हणून.

जज आत आले, मी ताडकन उभी. ते म्हणाले, बसा. बसले. त्यांनी माझं नाव घेतलं, मी पुन्हा उभी! मिसेस रामटेके, इथे बसूनच बोलतात. हो सर. बसले. पहिला प्रश्न विचारला — उभी! चार वर्षांची सवय, पाय ऐकतच नाहीत. धम्मदीप माझी ओढणी धरून बसला. शेवटी जजच म्हणाले, तुम्हाला उभं राहूनच सुचत असेल तर उभ्या राहा.

मग कागद. मी ते एक पान लीगल साइझवर काढलं होतं, बाबांच्या कागदावर. इथे सगळ्यांच्या फायली ए-फोर! माझं पान खालून असं बाहेर लोंबत होतं. जजनी दोनदा आत सारायचा प्रयत्न केला. मला घाम फुटला. म्हटलं, संपलं, बाबांच्या कागदाने घात केला. त्यांनी विचारलं, हा कागद कुठला? नागपूरचा म्हटलं. लिहिण्यासारखं बरंच असतं वाटतं तिकडे, म्हणाले, आणि स्वतः नीट घडी घालून लावून घेतला.

ती मुलगी बोलली की कायमचं राहायला देऊ असं कुणीच कधी वचन दिलं नव्हतं, आणि परत गेलात तर तुम्ही उपाशी मरणार नाही. जजनी मला विचारलं, यावर काय म्हणणं आहे? परत गेलात तर खरंच काय बिघडेल?

इथे मी रडगाणं गाणार होते. नागपूरच्या वकिलाला ते झोपेतही येतं — अशील गरीब आहे, आई म्हातारी आहे, दया करा. तोंडावर आलं होतं. गिळलं.

"काही बिघडणार नाही, सर. आम्ही शिकलेले आहोत, आमची माणसं आहेत. पण घर मोडायला तुम्ही सांगितलंत, आम्ही मोडलं. आम्ही शब्द पाळला. तुम्ही तुमचा पाळावा, एवढंच मागायला आलोय."

जज लिहीत होते. त्या मुलीने नाक पुसलं. अकरा मिनिटं. मी घड्याळ बघितलं होतं, माझं बोलणं एकूण अकरा मिनिटं! नागपूरला अकरा मिनिटांत माझं नाव पुकारून होत नाही.

बाहेर आल्यावर धम्मदीपने माझा हात धरला आणि भर रस्त्यात सोडेना. म्हणाला, मला वाटलं तू जजलाच उठबस करायला लावतेस. मग म्हणाला, हरलो तरी आता चालेल मला.

मला नाही चालणार.

१८ मे

बाईंना सगळं करून दाखवलं. उठबशीसकट. त्या इतक्या हसल्या की दात सावरावे लागले. मग एकदम विचारलं, आत जाताना ओळखपत्र बघतात का? म्हटलं हो, पासपोर्ट. अच्छा, म्हणाल्या. प्रकरण नऊ.

मी त्यांना अजून पूर्ण माफ केलेलं नाही. पण दात सावरताना बघून थोडं केलं.

८ जून

जिंकलो जिंकलो जिंकलो.

पत्र सकाळी आलं. धम्मदीप उघडेना, मी उघडेना. शेवटी दोघांनी एकेक बाजू धरून फाडलं, पत्रही थोडं फाटलं. अपील मंजूर. परिच्छेद चौदामध्ये जजनी लिहिलंय, अपीलकर्तीने एकच मुद्दा मांडला व तो पुरेसा आहे.

बाबांना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, कागद कोणता वापरलास?

१० जून

बाईंना आमच्याकडे जेवायला आणलं. टॅक्सीने, कुरकुर करत. धम्मदीपने सावजी मटण केलं, वैजयंतीच्या कुकरमध्ये. मी त्याला शंभरदा सांगितलं, म्हातारं माणूस आहे, तिखट बेताने. तो ऐकतो होय! कांडलेली लाल मिरची, रस्सा असा की मलाच ठसका लागला. मी दही घेऊन बाईंच्या बाजूला तयार. त्यांनी घास घेतला, विचार केला आणि म्हणाल्या, छान आहे, मिरची घालायला विसरलात का?

धम्मदीपचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

जेवल्यावर त्यांनी निकालपत्र मागून घेतलं. चौदावा परिच्छेद दोनदा वाचला. मला वाटलं आता कौतुक करतील. त्यांनी फक्त विचारलं, दुसऱ्या कुणासाठी उभी राहशील का? आता सवय झालीय, म्हटलं मी, आणि मीठ पुढे सरकवलं.

२७ जून

आज डिक्टेशन नाही म्हणाल्या. टेबलावर एक फाइल. एक अशील आहे, म्हातारी आहे, हट्टी आहे, बघ जमतं का. मी खुशीत उघडली — माझी इथली पहिली केस!

वर नाव मिस यूडोरा प्रॉस्पर. आत गेल्या आठवड्याचं सरकारी पत्र. गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी हॉस्पिटलने कागदपत्रं मागितली, त्यावरून निघालं. या देशात राहण्याची परवानगी असल्याची कुठेही नोंद नाही. देश सोडावा.

म्हटलं, हे चुकलंय. तुम्ही इथे बॅरिस्टर झालात. तुम्ही ब्रिटिश आहात!

"होते," त्या म्हणाल्या. "बेट स्वतंत्र झालं तेव्हा नागरिकत्वाच्या कलमाने आम्हा सगळ्यांचं ब्रिटिशपण संपलं. चांगलं कलम होतं. मीच लिहिलं."

मी वही घेतली. कुठल्याही अशिलाला विचारतात तोच पहिला प्रश्न विचारला — या देशात शेवटच्या कधी आलात?

"एकोणीसशे त्र्याऐंशी. बहिणीकडे. सहा महिन्यांसाठी."